दुसऱ्या तबकडीचा पंचनामा

१० नोव्हेंबर १९७८ रोजी सीबीएस कंपनीने 'द क्लॅश' या लंडनच्या चौकडीची दुसरी रेकॉर्ड बाजारात आणली, तेव्हा ती कानावर पडण्याआधीच निम्म्या लंडनचं तिच्याविषयी मत ठरलेलं होतं. नाव 'गिव्ह एम इनफ रोप'. दहा गाणी, अमेरिकन निर्माता, घासूनपुसून लख्ख केलेला आवाज आणि मुखपृष्ठावर मेलेल्या काउबॉयचे लचके तोडणारी गिधाडं व ते पाहणारा चिनी घोडेस्वार. भांडायला एवढं सामान पुरेसं होतं. इंग्लंडच्या संगीत साप्ताहिकांनी मग या रेकॉर्डची जी उलटतपासणी केली, तिचा सूर संगीतसमीक्षेपेक्षा कोर्टातल्या जबानीच्या जवळचा होता. गाणी चांगली की वाईट हा मुद्दा होताच, पण त्याआधी एक प्रश्न होता: ही पोरं बाटली का?

हा प्रश्न समजायला दीड-दोन वर्षं मागे जावं लागतं. मराठीतही पहिल्या कवितासंग्रहाचं कौतुक होतं आणि दुसऱ्याच्या वेळी कवी साचला का, हे तपासलं जातं. पण क्लॅशसारख्या पंकवाल्यांची, म्हणजे पंक या बंडखोर रॉक संगीतातल्या पोरांची, अडचण त्याहून बिकट होती. आम्ही टिकायला आलेलो नाही, मोडायला आलोय, अशी घोषणा देत ते आले होते. मोडायला आलेल्या माणसाने दुसरी रेकॉर्ड काढायचीच कशाला? सेक्स पिस्टल्सनी हा पेच परस्पर सोडवला. ऑक्टोबर १९७७ मध्ये त्यांनी एक रेकॉर्ड काढली, आणि जानेवारी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यक्रमानंतर ते फुटले. 'द डॅम्ड'नी आपली दुसरी रेकॉर्ड कुणाकडून करून घ्यावी? पिंक फ्लॉइडच्या निक मेसनकडून! ज्या भव्य, संथ, श्रीमंत संगीताविरुद्ध हे बंड होतं त्याच घराण्यातला माणूस. ती रेकॉर्ड ब्रिटिश विक्रीयादीत शिरलीच नाही. 'द जॅम'ची दुसरी रेकॉर्डही घाईत निघाली आणि समीक्षकांनी तिला फारशी दयामाया दाखवली नाही. त्यामुळे क्लॅशची पाळी आली तेव्हा सगळ्या चळवळीची अब्रू या एकाच बँडवर येऊन बसलेली.

क्लॅशची पहिली रेकॉर्ड एप्रिल १९७७ मध्ये आली. फेब्रुवारीतल्या तीन आठवडाअखेरींत, चारएक हजार पौंडांत ती उरकली होती. निर्माता म्हणून नाव होतं मिकी फूटचं, म्हणजे कार्यक्रमांत त्यांचा ध्वनी सांभाळणाऱ्या माणसाचं. आवाज पत्र्याच्या डब्यासारखा, पण त्यात बेकारी, कंटाळा, पोलीस, लंडनची मोडकी वस्ती असं सगळं होतं. ती ब्रिटनमध्ये १२व्या क्रमांकापर्यंत गेली. आजही इंग्लंडमधला जुना श्रोता तिच्याबद्दल बोलू लागला की आवाज बदलतो. तिचे दोष हेच तिचे पुरावे मानले गेले. खरखर आहे म्हणजे खरं आहे, असं ते गणित.

पण तिच्या आधीच एक कागद झाला होता. जानेवारी १९७७ मध्ये क्लॅशने सीबीएसशी करार केला, रक्कम १ लाख पौंड. 'स्निफिन ग्लू' या अनियतकालिकाचा संपादक मार्क पेरी याने त्या दिवशीच पंक मेल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे साठच्या दशकात सायक्लोस्टाइल करून काढलेल्या अनियतकालिकांशी ज्यांची ओळख आहे, त्यांना पेरीचा सूर परका वाटणार नाही. मोठ्या प्रकाशनाकडे गेलेला लेखक आपला राहिला नाही, असं मानणारी माणसं तिथेही होती. पेरी तेव्हा बँकेतली नोकरी सोडून हे फोटोकॉपी केलेले अंक काढत होता, आणि त्याच्या शब्दाला त्या छोट्या जगात वजन होतं. तेव्हापासून क्लॅशच्या प्रत्येक पावलाचा अर्थ त्या कराराच्या उजेडात लावला जाऊ लागला.

दुसरा संशय होता बँडचा गायक जो स्ट्रमर याच्या कुळाचा. खरं नाव जॉन मेलर. जन्म अंकाराचा, वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात. त्या वडिलांचा जन्म लखनौचा. पोरगा वसतिगृहाच्या शाळेत शिकलेला. राजनैतिक अधिकाऱ्याच्या मुलाने रस्त्यावरच्या पोराचा आवाज काढायचा, हे इंग्लंडसारख्या उच्चारावरून जात ओळखणाऱ्या देशात कसं खपावं? गिटार वाजवणाऱ्या मिक जोन्सचं तसं नव्हतं. तो वेस्टवे या उंच रस्त्याकडे पाहणाऱ्या एका टोलेजंग सरकारी इमारतीत आजीजवळ राहत असे. पण संशय वाटून घेता येत नाही, तो अख्ख्या बँडवर बसतो.

आता अमेरिका. सीबीएसच्या अमेरिकन शाखेने पहिली रेकॉर्ड तिथे काढलीच नाही, रेडिओवर चालण्याजोगी नाही म्हणून. तरी आयात होऊन तिच्या लाखभर प्रती तिथे खपल्याचं सांगतात. कंपनीला गिऱ्हाईक दिसलं, फक्त माल जरा स्वच्छ हवा होता. त्यासाठी निवड झाली सँडी पर्लमनची. 'ब्लू ऑयस्टर कल्ट' या भरभक्कम अमेरिकन रॉक बँडचा हा निर्माता. त्याची आणि क्लॅशची गाठ पडली त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे: १९७८ च्या सुरुवातीला कोव्हेंट्रीच्या कार्यक्रमाआधी पर्लमन रंगपटाच्या खोलीत शिरायला गेला, आणि दारावर उभ्या असलेल्या बँडच्या मित्राने त्याला न ओळखता नाकावर ठोसा दिला. रक्त आलं. पर्लमन तरीही काम सोडून गेला नाही. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात सर्वांत कमी तक्रार करणारा माणूस तोच.

पहिल्या रेकॉर्डला तीन आठवडाअखेरी लागल्या, दुसरीला महिने. लंडनच्या बेसिंग स्ट्रीट स्टुडिओत एकेक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून घेतला गेला. बेस वाजवणारा पॉल सिमोनन या पुनरावृत्तीला कंटाळला होता. स्वतः वाजवत शिकलेल्या माणसाकडून घड्याळाची अचूकता मागितली की असंच होणार. उलट टॉपर हेडन हा १९७७ मध्ये आलेला ड्रमर पर्लमनचा लाडका झाला. तो कधी चुकत नाही म्हणून पर्लमन त्याला मानवी ड्रम-यंत्र म्हणे. मग स्ट्रमर आणि जोन्स उरलेल्या गिटारी आणि गाणं भरायला सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑटोमॅट स्टुडिओत गेले. सिमोनन आणि हेडन मागे राहिले. चौघांचा बँड आणि शेवटचा हात मारायला दोघेच, हेही टीकाकारांच्या नोंदीत गेलं. भरीला, ऑक्टोबरमध्ये व्यवस्थापक बर्नी ऱ्होड्सशी काडीमोड झाला. म्हणजे रेकॉर्ड बाहेर येत होती तेव्हा घराचा जुना कारभारी गेलेला होता.

गाण्यांत काय होतं? सुरुवातीचं 'सेफ युरोपियन होम' हे माझ्या मते या बँडच्या सर्वोत्तम पाच गाण्यांत बसतं. १९७७ च्या अखेरीस स्ट्रमर आणि जोन्स गाणी लिहायला जमैकात किंग्स्टनला गेले होते. (सिमोनन हा त्यांच्यातला खरा रेगेवेडा, लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये वाढलेला. त्यालाच नेलं नाही. तो रागावून मॉस्को आणि लेनिनग्राड पाहून आला.) ज्या रेगे संगीताला लंडनमध्ये बसून या मुलांनी आपलं मानलं, पहिल्या रेकॉर्डमध्ये ज्युनियर मर्व्हिनचं गाणं घेतलं, त्या संगीताच्या गावात ते दोन गोरे पोरगे म्हणून उभे राहिले आणि घाबरले. बरेच दिवस हॉटेलातच बसून काढले. परत येऊन त्यांनी जमैकाचं गुणगान लिहिलं नाही. आपल्या घाबरण्याचं गाणं लिहिलं. ज्यांच्याशी एकजूट असल्याचं आपण सांगतो त्यांच्या रस्त्यावर आपल्याला चालता येत नाही, हे एवढ्या मोकळेपणी सांगणारं गाणं त्या काळात दुसरं मला आठवत नाही. गंमत म्हणजे राजकीय भाबडेपणाचा आरोप ज्या रेकॉर्डवर झाला, तिचं पहिलंच गाणं स्वतःच्या भाबडेपणाचा कबुलीजबाब आहे.

पण बाकीची यादी पाहा. 'टॉमी गन', 'गन्स ऑन द रूफ', 'इंग्लिश सिव्हिल वॉर', 'लास्ट गँग इन टाउन'. बंदुका, टोळ्या, यादवी. 'गन्स ऑन द रूफ'मागचा प्रसंग काय, तर मार्च १९७८ मध्ये कॅम्डनच्या तालमीच्या जागेच्या छपरावरून सिमोनन आणि हेडन यांनी छऱ्याच्या बंदुकीने कबुतरं मारली. ती कुणाचीतरी शर्यतीची कबुतरं निघाली, पोलीस हेलिकॉप्टर घेऊन आले, पोरं कोर्टात गेली आणि दंड भरून सुटली. एवढ्या टवाळ प्रकाराचं जगभरच्या जुलमी राजवटींवरचं गाणं झालं. इथे समीक्षकांनी हात वर केले तर त्यांना दोष देता येत नाही.

'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'मध्ये निक केंटने स्ट्रमरच्या राजकारणाला धरलं. हिंसेच्या प्रतिमा आहेत, त्यांमागे विचार उथळ आहे, असा त्याचा रोख होता. हा आरोप हवेत नव्हता. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात वंशद्वेषाविरुद्धच्या प्रचंड मेळाव्यात क्लॅश वाजले, तेव्हा स्ट्रमरच्या अंगात इटलीच्या 'रेड ब्रिगेड्स'चं नाव असलेला शर्ट होता. त्याच वेळी त्या संघटनेने माजी पंतप्रधान आल्दो मोरोंना ओलीस धरलेलं होतं आणि दहाच दिवसांत, ९ मे रोजी, त्यांचा मृतदेह सापडला. अशा वर्षी 'टॉमी गन' हे दहशतवाद्यावरचं गाणं आलं. गाणं बंदूकधाऱ्याच्या प्रसिद्धीच्या हव्यासाची टर उडवतं, असं नीट ऐकलं तर कळतं. पण हेडनच्या ड्रमचा गोळीबार इतका झिंग आणणारा आहे की टर कुठे संपते आणि कौतुक कुठे सुरू होतं, हे ऐकणाऱ्यालाच ठरवावं लागतं. केंटला हा घोटाळा दिसला. तो घोटाळा आहेच, पण गाणं जिवंत आहे तेही त्याच्यामुळेच.

'मेलडी मेकर'मध्ये जॉन सॅव्हेजची तक्रार वेगळी आणि जास्त खोल होती. त्याला या बँडची ताकद मान्य होती. ती वाया जाते आहे याचं त्याला दुःख होतं. लोकांची आपल्याकडून जी अपेक्षा आहे तीच हे लिहीत आहेत, असं त्याला वाटलं. पुढे पंकचा सर्वांत गाजलेला इतिहास लिहिणारा हा माणूस तेव्हा पंचविशीत होता. त्याचं म्हणणं मला निम्मं पटतं. पहिल्या रेकॉर्डमध्ये क्लॅश आपल्या गल्लीबद्दल गात होते. दुसरीत ते 'क्लॅश' नावाच्या कल्पनेबद्दल गाऊ लागले. 'चीपस्केट्स'मध्ये तर आम्ही श्रीमंत झालो नाही, लोक उगाच बोलतात, असं रडगाणं आहे, आणि रडगाण्याला चाल कितीही जोरकस दिली तरी ते रडगाणंच राहतं. 'ड्रग-स्टॅबिंग टाइम'ही भरतीचं.

आणि आवाजाविषयी तर ब्रिटिश कानांचं जवळपास एकमत: गिटारींचे थर भिंतीसारखे, ड्रम पुढे, स्ट्रमर मागे. पर्लमनला त्याचा चिरका गळा आवडत नव्हता म्हणून त्याने तो दाबला, असं तेव्हापासून बोललं जातं. हेतू काहीही असो, परिणाम कानाला कळतो. शब्दांवर जगणाऱ्या बँडचे शब्द अर्धे ऐकू येत नाहीत. इथे समीक्षक बरोबर होते.

चूक झाली ती पुढच्या पायरीवर. आवाज गुळगुळीत, म्हणजे माणसं विकली गेली, हा निष्कर्ष त्या आवाजातून निघत नव्हता. तो आधीच, जानेवारी १९७७ च्या करारातून, काढून ठेवलेला होता. खरखरीला प्रामाणिकपणाचा शिक्का एकदा मारला की मग प्रत्येक सुधारणा ही फितुरी ठरते. या हिशेबाने चालायचं तर बँडने कायम तीन आठवडाअखेरींत, चार हजार पौंडांतच रेकॉर्ड करत राहायला हवं होतं, आणि तसं केलं असतं तर हेच लोक त्याला साचलेपणा म्हणाले असते.

याचा पुरावा अटलांटिकच्या पलीकडे मिळतो. अमेरिकेत क्लॅशची अधिकृतपणे आलेली पहिली रेकॉर्ड हीच. तिथल्या बहुतेक श्रोत्यांजवळ तुलनेला आधीची रेकॉर्ड नव्हती, मार्क पेरीची शपथ त्यांना बांधत नव्हती आणि स्ट्रमरच्या उच्चारावरून त्याचं कूळ काढणं त्यांना जमणारं नव्हतं. 'रोलिंग स्टोन'मध्ये ग्रील मार्कसने १९७९ च्या सुरुवातीला तिचं भरभरून स्वागत केलं. लंडनच्या कानांना जी कसरत वाटली, तीच त्याला पेटलेल्या जगाची खबर वाटली. 'व्हिलेज व्हॉइस'च्या रॉबर्ट ख्रिस्टगाऊने तिला 'ए' श्रेणी दिली. तो गुण देण्यात हात आखडणारा मास्तर, आणि निर्मितीबद्दलच्या तक्रारी त्यालाही ठाऊक होत्या. गाणी तीच, घासलेला आवाज तोच, तरी निकाल उलटा. मात्र अमेरिकन दुकानांनी समीक्षकांचं ऐकलं नाही. ज्या रेडिओसाठी एवढा खटाटोप केला, त्या देशात रेकॉर्ड १२८व्या क्रमांकाच्या वर चढली नाही. कंपनीचा डाव कंपनीलाच लाभला नाही, हे टीकाकारांनी फारसं लक्षात घेतलेलं दिसत नाही.

आता श्रोते. साप्ताहिकांत खटला चालू असताना ब्रिटनच्या श्रोत्यांनी रेकॉर्ड उचलली आणि २ऱ्या क्रमांकावर नेली. पहिलीपेक्षा दहा पायऱ्या वर. 'टॉमी गन' सुटी निघाली ती १९व्या क्रमांकावर गेली, पहिल्या विसात येणारं क्लॅशचं पहिलं गाणं. फेब्रुवारी १९७९ मध्ये आलेलं 'इंग्लिश सिव्हिल वॉर' २५व्यावर. हे सगळं बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये एकदाही न जाता. तिथे ध्वनिमुद्रणावर ओठ हलवावे लागत, म्हणून क्लॅशने तो कार्यक्रम कायम नाकारला. विकल्या गेलेल्या बँडने देशातला सर्वांत मोठा विक्रीचा दरवाजा बंद का ठेवला असता, हा प्रश्न त्या वेळी थोड्यांनीच विचारला.

या श्रोत्याचं आणि बँडचं नातं जरा विचित्र होतं. पंकच्या कार्यक्रमात कौतुक म्हणून रंगमंचावर थुंकण्याची पद्धत होती. १९७८ च्या सुरुवातीला स्ट्रमर काविळीने रुग्णालयात पडला, तेव्हा ती कुणाच्यातरी थुंकीतून आली असं त्याचंच म्हणणं होतं. दुसरीकडे, डिसेंबर १९७७ मध्ये अमेरिकन समीक्षक लेस्टर बँग्सने बँडबरोबर फिरून तीन भागांत दीर्घ लेख लिहिला. दौऱ्यावर पैसे नसलेल्या चाहत्यांना हे लोक आपल्या हॉटेलच्या खोल्यांत जमिनीवर झोपू देतात, याचं त्याला कमालीचं अप्रूप वाटलं. त्यानेच हेही नोंदवलं की दौऱ्यावरची काही मंडळी अशाच एका पोराची छळवणूक करत होती आणि मदतीला कुणी धावलं नाही. म्हणजे श्रोत्यांना देव्हाऱ्यातली मूर्ती नको होती आणि मिळालीही नव्हती. आपल्याला रंगपटात घेणारी, आपल्याशी बोलणारी माणसं पुढे काय करतात हे त्यांना ऐकायचं होतं. कराराचे आकडे त्यांनाही माहीत होते.

सगळे असे उदार नव्हते. एसेक्समधल्या शेतघरात एकत्र राहणाऱ्या 'क्रास' या अराजकवादी बँडने त्याच सुमारास आपल्या पहिल्या रेकॉर्डमध्ये पंक मेल्याची द्वाही फिरवली आणि क्लॅश व सीबीएसचं नाव घेऊन ठोकलं. त्यांनी नंतर स्वतःची कंपनी काढली, रेकॉर्डच्या किमती मुद्दाम कमी ठेवल्या, मुलाखतींच्या बाजारापासून दूर राहिले. समीक्षकांच्या रुसव्यापेक्षा ही टीका मला जास्त आदर करण्याजोगी वाटते, कारण ती करणाऱ्यांनी पर्याय जगून दाखवला. मात्र ऐकायला मी क्लॅशच लावतो.

लंडनच्या समीक्षकांकडून एक गाणं जरा निसटलंच. 'स्टे फ्री'. मिक जोन्सने शाळेतल्या एका मित्रासाठी लिहिलेलं. तो मित्र दरोड्याच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आला होता. त्यात बंदुका नाहीत, क्रांती नाही, आहे ती शाळेतून हाकललेल्या पोरांची मैत्री आणि सुटून आलेल्या दोस्ताला सांभाळून राहा म्हणून सांगणं. जोन्सचा आवाज कोवळा, चाल जवळजवळ गोड. पंकच्या नियमात न बसणारं हे गाणं ब्रिटिश श्रोत्याने मात्र उराशी धरलं. श्रोत्यांनी निवडलेलं आणि समीक्षकांनी चघळलेलं यांतला फरक पाहायचा असेल तर 'स्टे फ्री' आणि 'गन्स ऑन द रूफ' एकापाठोपाठ ऐकावीत.

शिव्या खाल्लेल्या त्या अमेरिकावारीचं एक फळ रेकॉर्डच्या बाहेर पडलं. ऑटोमॅट स्टुडिओत एक जुन्या गाण्यांचा ज्यूकबॉक्स होता. त्यात बॉबी फुलर फोरचं 'आय फॉट द लॉ' स्ट्रमर आणि जोन्सच्या कानावर पडलं. लंडनला येऊन त्यांनी ते वाजवायला घेतलं, मे १९७९ मध्ये चार गाण्यांच्या तबकडीत ते निघालं, आणि आज जगात बहुतेकांना ते क्लॅशचंच गाणं वाटतं. फेब्रुवारी १९७९ मध्ये बँड पहिल्यांदा अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला तेव्हा सुरुवातीला वाजवायला त्यांनी बो डिडलीला घेतलं, म्हणजे पन्नासच्या दशकातल्या रॉक अँड रोलच्या एका मूळपुरुषाला. सगळं जुनं मोडायला आलेल्यांनी जुन्याकडे शिकवणी लावली होती.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये 'लंडन कॉलिंग' आली. निर्माता गाय स्टीव्हन्स, पर्लमनच्या अगदी उलट माणूस. नेमकेपणापेक्षा धिंगाण्यावर विश्वास असलेला. दोन तबकड्या, एकीच्या किमतीत. या तिसऱ्या रेकॉर्डने इतकी वाहवा मिळवली की दुसरी तिच्या आणि पहिलीच्या मधे चेंगरून गेली. आता ती 'मधली' म्हणून ओळखली जाते. क्लॅशचा इतिहास लिहिणारे तिच्यावर चार ओळी खर्चून पुढे सरकतात. हा अन्याय आहे. 'लंडन कॉलिंग'मध्ये हेडन जॅझपासून रेगेपर्यंत जे काही वाजवतो, ते पर्लमनच्या घाण्याला जुंपून घेतल्यावरचं आहे. जोन्स गिटारींचे थर रचायला शिकला तेही तिथेच.

तेव्हा माझा निकाल असा: दहापैकी पाच गाणी उत्तम, दोन बरी, तीन नसती तरी चाललं असतं. ध्वनिमिश्रण सदोष. विकले गेल्याचा आरोप सिद्ध होत नाही. ज्यांनी ही रेकॉर्ड ऐकली नाही त्यांनी पहिली बाजू सलग लावावी, दुसऱ्या बाजूवर थेट 'स्टे फ्री'वर जावं, मग शेवटचं 'ऑल द यंग पंक्स' ऐकावं. त्यात या पोरांनी आपल्या कराराबद्दल स्वतःच काय म्हटलंय ते ऐका, आणि मग निक केंट व जॉन सॅव्हेज मिळाले तर जरूर वाचा. आधी नको.